मापाड्यानं बिडी सोडली होती

जुन्या जालन्यातल्या एका अडत दुकानात मी पस्तीस वर्षं मुनीम होतो. माझी बैठक आतल्या बाजूला, आणि काटा बाहेर ओसरीवर. मधे पोत्यांची थप्पी. त्यामुळे काट्यावर किती वजन भरलं ते मला कधी दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. मापाडी वजन पुकारायचे आणि मी ते चिठ्ठीवर लिहायचो. ते म्हणतील ते खरं, असं धरूनच माझा हात चालायचा. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून एक चुकीचं वजन निघालेलं मला आठवत नाही.

अशा माणसाबद्दल एक खोटी गोष्ट बाजारात पसरली, आणि ती ते वारेपर्यंत पुसली गेली नाही. गोष्ट अशी की, मापाड्यानं जांब समर्थला देवापुढे बिडी सोडली आणि दीड महिन्यात पुन्हा धरली. ही गोष्ट खोटी आहे हे त्यांच्याशिवाय एकट्या मला माहीत आहे असं मी समजत होतो, कारण ती माझ्यामुळे पसरली होती. आता माझं वय झालं. हे लिहून ठेवल्याशिवाय मला जायचं नाही.

सुरुवात झाली ती त्यांच्या पायाच्या अंगठ्यापासून. पोतं शिवायचा दाभण हातातून निसटून अंगठ्यावर पडला. जखम एवढीशी, पण तीन आठवडे झाले तरी भरेना. मी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखर निघाली. मी शेजारी खुर्चीवर बसलो होतो. माझ्या शर्टाला धुराचा वास, पोट पुढे आलेलं. डॉक्टर म्हणाले, "मुनीमजी, आलाच आहात तर तुमचंही बघून टाकू." माझीही निघाली.

"बिडी किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन बंडल," मापाडी म्हणाले.

"आठवड्याला?"

"आठवड्याला दोन बंडलात काय व्हतं, साहेब? रोजचे."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, साखरेनं पायाच्या नसा खराब होतात आणि बिडीनं पायाचं रक्त कमी होतं. दोन्ही एका माणसात राहिली तर आज अंगठा आहे, उद्या पाय जाईल. मग गोळ्या लिहून दिल्या, बिडी बंद करायला सांगितली आणि रोज अर्धा तास झपझप चालायला सांगितलं.

मापाड्यांना चालण्याचं पटेना. "दिवसभर काट्याजवळ उठबस करून राह्यलो, पोती सरकवून राह्यलो. अजून किती चालू?"

"ते कष्ट झाले. त्यात तुम्ही दर दोन मिनिटांनी थांबता. मला न थांबता पाहिजे. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता आलं नाही पाहिजे. गाणं म्हणता आलं तर तुम्ही रेंगाळताय. बोलताच येईना तर जास्त जोर लावताय." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात. दोन गोष्टी तुमच्यावर. ही गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही, आणि चालायला जाताना खिशात साखर ठेवायची. घाम सुटला, हात थरथरले, माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर लगेच द्यायची."

मी मान डोलावली. दोन्ही गोष्टी मला नीट समजल्या होत्या, हे इथं सांगितलं पाहिजे.

आमच्या भागात नुसतं "सोडतो" म्हटल्यानं काही सुटत नाही. देवापुढे जाऊन सोडावं लागतं. रामनवमीला आम्ही दोघं एसटीनं जांबला गेलो. गर्दीत दर्शन झालं. मापाड्यांनी खिशातलं अर्धं बंडल आणि काडीपेटी काढली, मंदिराबाहेर एका दगडापाशी ठेवली, हात जोडले आणि मागं न बघता निघाले. मीही तसंच केलं. मी आधीच बायकोसमोर मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, त्यामुळे माझं सोडणं दुहेरी पक्कं समजलं गेलं.

माझं चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी दुकानामागच्या बोळात मी एक ओढली. मग रोज दोन, मग चार.

मापाड्यांचं मात्र जे मी बघितलं ते मी आजवर दुसऱ्या कुणाचं बघितलेलं नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस, बाराव्या-तेराव्या वर्षापासून बिडी ओढणारा. पहिले आठ दिवस त्यांचे हात थरथरत, चिडचिड होई, हमालांवर ओरडत. पण त्यांनी एक युक्ती काढली. आमच्याकडे पोती मोजताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. तलफ आली की ते उठायचे आणि ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झपाझप चालत मोठ्यानं मोजायचे. पुन्हा लाभपासून सुरुवात. हमाल विचारायचे, "मापाडी, कोन्ता माल मोजून राह्यले?" ते म्हणायचे, "तुझ्या बापाची तूर." सात-आठ फेऱ्या झाल्या की परत येऊन काट्यापाशी बसायचे. एकदा मला म्हणाले, "मुनीमजी, तलफ लई दम धरत न्हाई. आपन तिच्यापेक्षा थोडं जास्त चालायचं, बस."

संध्याकाळी आम्ही मोती तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच्या वाटेवर जायचो. तिथंही ते मोजतच चालायचे. डॉक्टरांचं गाणं त्यांनी आकड्यांत बसवलं होतं. आकडे सुरात यायला लागले की वेग वाढवायचा, आकडा मधेच तुटला की कमी करायचा. घड्याळ नव्हतं, पण अर्ध्या तासाला किती आकडे होतात हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं, आणि वजनात जसे ते कधी चुकत नसत तसेच इथंही चुकले नाहीत.

डॉक्टरांनी अनवाणी फिरू नका म्हटल्यावर त्यांनी कॅनव्हासचे पांढरे बूट घेतले. धोतराखाली पांढरे बूट बघून मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, हसू पिकलं. "मापाडी शाळेला निघाले," "कितवीत नाव घातलं, मामा?" ते म्हणायचे, "पहिलीत. तुला यायचं तर ये, तुही जागा धरेल हाय." पण खरी अडचण वेगळीच होती. धान्याच्या राशीवर पायताण घालून जायचं नसतं. आमच्याकडे कुणी जात नाही, आणि मापाडी तर नाहीच नाही. आता राशीत अनवाणी पाय घातला आणि एखादा काटा, काच लागली, तर पुन्हा अंगठ्याची गत. त्यांनी बायकोकडून नव्या कोऱ्या मांजरपाटाचे जाड, दुहेरी शिवणीचे मोजे शिवून घेतले. राशीपाशी बूट काढायचे, हे मोजे घालायचे. ते फक्त धान्यासाठी. रोज संध्याकाळी धुऊन वाळत घालायचे. देवाचं आणि डॉक्टरांचं, दोघांचंही राखून काम करणारा माणूस मी जवळून बघत होतो आणि स्वतः बोळात जाऊन धूर काढत होतो.

दीड महिना झाला. अंगठा भरून आला. डॉक्टर खूश झाले. मापाड्यांचा आवाजही बदलला, खोकल्याची घरघर गेली. वजन पुकारताना लांबूनही स्पष्ट ऐकू यायचं.

मग ती एकादशी आली. उन्हाळा होता. दुपारी मी डबा उघडला, तेव्हा मापाड्यांनी फक्त बिनसाखरेचा चहा घेतला.

"जेवण?" मी विचारलं.

"एकादशी हाय."

"मग साबुदाणा तरी?"

"डॉक्टरनं साबुदाना, बटाटा, दोनी बंद केले न. मंग काय खाऊ? काहीच न्हाई खाल्लं. एक दिवसानं काय व्हतंय?"

"आणि गोळी?"

"गोळी घेतली सकाळीच. औषध हाय ते. औषधानं उपास मोडत न्हाई."

मला त्याच क्षणी कळलं. डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं कानात आलं. मी म्हणायला हवं होतं की मापाडी, आज चालायचं नाही, आणि आधी दोन केळी खा. मी म्हटलं नाही. कारण सांगतो. ते संध्याकाळी चालायला लागले की मी पाळीवर मागं राहायचो. "मला दम लागतो, तुम्ही व्हा पुढं" असं म्हणून पाळीच्या टोकाला चहाच्या गाडीमागे उभा राहून बिडी ओढायचो. तेवढीच दिवसातली निवांत बिडी. ते चालले नसते तर माझी ती बिडी गेली असती. एवढंच. इतकं क्षुल्लक कारण लिहायला मला पंचवीस वर्षं लागली.

त्या संध्याकाळी ते पुढं गेले. मी गाडीमागे उभा. शर्टाच्या वरच्या खिशात साखरेची पुडी ठेवायची, पण त्या खिशात बंडल आणि काडीपेटी होती. साखर कधीच काढून ठेवली होती, मुंग्या लागतात म्हणून. बिडी अर्धी झाली असेल, तेवढ्यात मोजण्याचा आवाज ऐकू येईनासा झाला. मी बाहेर डोकावलो. मापाडी पाळीवर बसले होते. मग आडवे झाले.

मी धावलो. ते घामानं चिंब झाले होते. डोळे उघडे, पण नजर लागत नव्हती. "पोतं उतरवा, पोतं उतरवा" असं म्हणत होते. मी खिसा चाचपला, मग परत चहाच्या गाडीकडे पळालो. चहावाल्यानं ओंजळभर साखर कागदात दिली आणि पाणी दिलं. परत येऊन मी त्यांना टेकवून बसवलं आणि पाण्यात कालवलेली साखर थोडी थोडी पाजली. तेव्हा मी वाकलो होतो. वाकताना माझ्या खिशातलं बंडल आणि काडीपेटी त्यांच्या मांडीपाशी पडली. मला कळलंही नाही.

दोन-चार माणसं जमली होती. त्यांत बदनापूरकडचे एक शेतकरी होते. दरवर्षी आमच्याच दुकानी माल आणायचे, मापाड्यांना मानायचे. त्यांची नजर खाली गेली.

"मापाडी," ते म्हणाले, "जांबला सोडली व्हती न तुम्ही?"

मापाड्यांना अजून भान आलं नव्हतं. शेतकऱ्यानं माझ्याकडे बघितलं. "मुनीमजी, यांच्याजवळ व्हती का ही?"

मी म्हणालो, "आता ते बघायची वेळ आहे का?"

मी हो म्हटलं नाही. पण त्या उत्तराचा अर्थ एकच होत होता, आणि तो मला माहीत होता. घरी शपथ घेतलेली होती, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून. त्या एका वाक्याच्या आड मी लपलो. शेतकऱ्यानं बंडल उचललं, बघितलं आणि तलावात भिरकावून दिलं.

पंधरा मिनिटांत मापाडी भानावर आले. आम्ही त्यांना रिक्षानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्यांनाही झापलं आणि मलाही. पण मोंढ्यात वेगळंच झालं. मुनीमानं मापाड्याला वाचवलं, असं सगळे म्हणायला लागले. आणि पाठोपाठ दुसरं. "देवाला फसवलं, देवानं तिथंच पाडलं." "पांढरे बूट घालून बिडी ओढायला जात होता गडी."

आठ दिवसांनी तेच शेतकरी ज्वारी घेऊन आले. मापाड्यांनी पोती लावली, एकेक करून वजन पुकारलं, मी लिहिलं. शेवटी शेतकरी म्हणाले, "पुन्हा जोखा."

ओसरीवर हमालांनी हातातलं काम थांबवलं. मापाड्याला पुन्हा जोखा म्हणणं म्हणजे काय, ते मोंढ्यात काम केलेल्यालाच कळेल. शिवी दिली तरी चालते, पण हे नाही.

"काय चुकलं, पाटील?" मापाड्यांनी विचारलं.

"चुकलं न्हाई. पण जे मानूस देवापुढं बोलून फिरतं, ते काट्यापुढं बी फिरू शकतं. मला तपासून पाह्यचं."

मी थप्पीच्या आडून सगळं ऐकत होतो. उठून दोन पावलं टाकून बाहेर यायचं होतं. मी लेखणी धरून बसून राहिलो.

मापाडी खाली बसले. त्यांनी मांजरपाटाचे मोजे काढून झटकले, पुन्हा घातले, आणि पहिल्या पोत्यापासून सगळं जोखलं. त्याच आवाजात, त्याच क्रमानं पुकारलं. मी दुसऱ्या चिठ्ठीवर लिहीत गेलो. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या, कुठंच फरक नव्हता. शेतकऱ्यानं बघितलं आणि ते मान खाली घालून निघून गेले. पुढच्या वर्षापासून ते दुसऱ्या अडतीकडे जाऊ लागले.

मला वाटलं होतं की आता मापाडी चालणं सोडतील, किंवा निदान माझ्याबरोबर येणार नाहीत. पण त्या जोखण्यानंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी ते बूट घालून माझ्या बैठकीपाशी उभे राहिले. "चला. आज जेवून आलो, आनि तुमची वाट बगून राह्यलो." पाळीवर पोचल्यावर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून खडीसाखरेची पुडी काढून दाखवली. मग म्हणाले, "मुनीमजी, साखर मी ठिवीत जाईन. तुमच्या खिशात काय ठिवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

एवढंच. त्याआधी आणि त्यानंतर त्यांनी त्या विषयावर एक शब्द काढला नाही. पण त्या दिवसापासून ते मला मागं राहू देत नसत. मी "दम लागला" म्हटलं की ते वेग कमी करायचे आणि माझं मनगट धरून बरोबर चालायचे. "बोलता येतंय न? मंग दम न्हाई लागला. चला." चहाची गाडी आली की त्यांचा आवाज मोठा व्हायचा आणि माझं मनगट घट्ट. ज्यांनी माझ्यामुळे सगळ्या मोंढ्यात मान खाली घालून घेतली, त्यांनीच माझी बिडी सोडवली. वर्षभर लागलं. ती कोणत्या दिवशी सुटली ते मला सांगता येत नाही. चालता चालता एका संध्याकाळी लक्षात आलं की गाडी मागं गेली आणि मी बघितलंसुद्धा नाही.

पुढं वीस वर्षं आम्ही चाललो. ते शेवटपर्यंत दोन्ही पायांवर होते. गोळ्या कमी झाल्या, नंतर वयानं थोड्या वाढल्या. उपवास धरायचा तर आधी डॉक्टरांना विचारायचा, असं त्यांनी ठरवून घेतलं, आणि मोंढ्यातल्या आणखी चार-पाच साखरवाल्यांनाही तेच सांगितलं. त्या चौघा-पाचांना त्यांनीच चालायला लावलं. त्यातला एखादा म्हणायचा, "तुमची तरी कुठं सुटली, मामा? महिन्यात धरली व्हती न?" ते म्हणायचे, "तू तरी सोडून दाखव, मंग बोलू." मी शेजारून चालत असायचो.

ते गेल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. तेराव्यानंतर, गर्दी ओसरल्यावर. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. पाळ, चहाची गाडी, खिसा, माझं वाक्य.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भावजी, मला हे तवाच ठाव व्हतं."

"त्यांनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतील? त्यांचा सदरा मी धुवत व्हते. जांबहून आल्यापासून त्या सदऱ्याला धुराचा वास आलाच न्हाई. त्या एकादशीलाबी न्हाई." पदरानं तोंड पुसून त्या पुढं म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? मला कवा शंका आल्ती? ज्यानं दुसऱ्यांदा जोखून घेतलं, त्याला सांगा."

ते शेतकरी हयात आहेत का, हेही मला माहीत नव्हतं. चौकशी केली. बदनापूरजवळच्या गावात, मुलाच्या घरी होते. मी एसटीनं गेलो. ते अंगणात बाजेवर पडले होते, डोळ्यांना कमी दिसत होतं. मी ओळख दिली, बाजेच्या कडेला बसलो आणि सांगितलं.

सगळं ऐकून झाल्यावर ते उठून बसले.

"मंग त्यांनी त्या दिवशी वढली न्हाई?"

"त्या दिवशी नाही. त्यानंतरही कधी नाही."

"आनि तुम्ही आतमधी बसून दोनी चिठ्ठ्या लिहिल्या."

"लिहिल्या."

ते मला रागावतील म्हणून मी तयारीनं गेलो होतो. ते रागावले नाहीत. बाजेच्या दोरीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी त्या दिवशी घरी येऊन जेवताना समद्यांसमोर त्यांना नावं ठिवली व्हती. मापाडी फिरला म्हनून. माही सून, पोरं, समद्यांनी ऐकलं. गावातबी बोललो." आणि घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "ए, बाहेर या गं समदे. हातातलं काम ठिवा."

सून आली, मुलगा आला, नातवंडं आली, शेजारच्या घरातले दोघं कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

"यांना बसायला द्या," म्हातारे म्हणाले. "आनि मुनीमजी, आता पहिल्यापासून सांगा. त्या मानसाच्या अंगठ्यापासून. मोठ्यानं सांगा, मागच्यांना ऐकू गेलं पाह्यजे."

मी बसलो नाही. उभा राहूनच सांगायला सुरुवात केली.